कुपीतले जीवाणू आणि नळाचे पाणी

पावसाळ्याचे पहिले दोन-तीन आठवडे उलटले, की डिलाईल रोडवरील दवाखान्यांच्या बाकांवर कडेवर मुले घेऊन बसलेल्या मातांची गर्दी वाढू लागते. जुलाब, उलट्या, अंगात कसर, खोल गेलेले डोळे. तक्रार पिढ्यान् पिढ्या तीच आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधे मात्र गेल्या दोन-तीन दशकांत बदलली. आता बहुतेक चिठ्ठ्यांवर एक पुडी किंवा प्लास्टिकची इवलीशी कुपी हटकून असते. तिच्यात असतात जिवंत जीवाणू. एरवी ज्या जंतूंच्या भीतीने पाणी उकळायचे, तेच जंतू पैसे मोजून मुलाला पाजायचे, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्या आजीला विपरीत वाटते. पण औषधाच्या दुकानदाराने 'पोटातले चांगले जंतू' एवढे म्हटले की तिचेही समाधान होते. घरोघरी दह्याला विरजण लावणाऱ्या समाजाला ही कल्पना पटवून द्यावी लागत नाही.

या औषधांना 'प्रोबायोटिक' म्हणतात. पुरेशा प्रमाणात घेतल्यास घेणाऱ्याच्या प्रकृतीला हितकारक ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव, अशी त्यांची व्याख्या जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली केली. या व्याख्येतील प्रत्येक शब्दाला वजन आहे. जीवाणू जिवंत हवेत, पुरेसे हवेत आणि त्यांचे हित सिद्ध झालेले हवे. डिलाईल रोडवरच्या दुकानात विकली जाणारी कुपी या तिन्ही कसोट्यांना उतरते काय, आणि उतरली तरी जुलाबाने गळून गेलेल्या मुलाला तिची खरी गरज असते काय, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. कारण त्या कुपीवर खर्च होणारा पैसा बहुधा महिनाअखेरीला हात आखडता घेणाऱ्या घरातला असतो.

परळशी जुने नाते

या विषयाचे गिरणगावाशी एक अनपेक्षित नाते आहे. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ साली ज्याची प्लेगची प्रयोगशाळा आली, आणि ज्याचे नाव त्या संस्थेला १९२५ साली देण्यात आले, तो वाल्डेमार हाफकिन हा ओडेसा येथे इल्या मेचनिकोव्ह या शास्त्रज्ञाचा विद्यार्थी होता. मेचनिकोव्ह पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेला. मागोमाग १८८९ मध्ये हाफकिनही तेथे पोचला, तोही प्रथम ग्रंथपालाच्या नोकरीवर. शिष्याने पटकीची लस तयार करून ती १८९२ साली आधी स्वतःला टोचून घेतली, १८९३ मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि १८९६ च्या प्लेगने त्याला मुंबईस आणले. गुरू पॅरिसमध्येच राहिला. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात या शोधाबद्दल त्याला १९०८ चे नोबेल पारितोषिक पॉल अर्लिश यांच्यासह मिळाले.

याच मेचनिकोव्हने १९०७ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की आतड्यातील कुजवणारे जंतू शरीरात विष कालवतात, त्यामुळे अकाली वार्धक्य येते, आणि आंबवलेल्या दुधातील जंतू त्यांना आवर घालू शकतात. बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकरी भरपूर दही खातात, हा त्याचा आवडता दाखला. स्वतः तो नियमाने आंबट दूध पीत असे. त्याचा वार्धक्याचा सिद्धान्त पुढे टिकला नाही. त्याने गौरविलेला बल्गेरियन जंतूही माणसाच्या आतड्यात मुक्काम करीत नाही, असे आढळून आले. पण जंतूंचा सामना जंतूंकडूनच करवून घ्यावा, ही कल्पना मात्र राहिली. पाश्चर संस्थेतच आंरी तिसिए या बालरोगतज्ज्ञाला अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळांच्या शौचात दुफाटी आकाराचे विशिष्ट जंतू विपुल आढळले होते. जुलाब होणाऱ्या बाळांना ते द्यावेत, असे त्याने सुचविले. आजच्या कुपीची वंशावळ ही अशी आहे. गुरू-शिष्यांच्या दोन वाटा, एक लसीची आणि दुसरी दह्याची, आज डिलाईल रोडवरील एकाच दवाखान्यात येऊन मिळतात. त्यांतील कोणत्या वाटेने अधिक मुले वाचली, याचे उत्तर पुढे येईलच.

आतड्यातील वस्ती

माणसाच्या शरीरात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, अदमासे ३८ लाख कोटी जीवाणू राहतात, असा २०१६ साली प्रसिद्ध झालेला हिशेब आहे. शरीराच्या स्वतःच्या पेशींहून ही संख्या कमी तर नाहीच, थोडी अधिकच आहे. ही वस्ती जन्माच्या क्षणापासून वसू लागते. आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात, की ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या पचतात बाळाच्या आतड्यातील हितकारक जंतूंना. निसर्गाने बाळाबरोबर त्याच्या जंतूंचीही शिदोरी दुधात घातली आहे, असे म्हणता येईल. पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध पाजावे, वरचे पाणीसुद्धा देऊ नये, या आग्रहामागे हेही एक कारण आहे. सहाणेवर उगाळलेली बाळगुटी मायेपोटी दिली जाते. परंतु मुरडशेंग आणि वेखंड यांच्यासोबत सहाणेवरचे व पाण्यातले जंतूही त्या बोंडल्यातून पोटात जातात, हे विसरले जाते.

बाहेरून दिलेले हितकारक जीवाणू काय करतात? ते आम्ल निर्माण करून रोगजंतूंना प्रतिकूल परिस्थिती तयार करतात, आतड्याच्या अस्तरावरील जागा अडवतात, रोगजंतूंना मारक अशी द्रव्ये सोडतात आणि अस्तराची तटबंदी व प्रतिकारशक्ती यांना चालना देतात. हे सर्व प्रयोगशाळेत दिसते. मात्र हे गुण जातीचे नसून वाणाचे असतात. भाताच्या एका वाणाला आलेले पीक पाहून दुसऱ्या वाणाची हमी देता येत नाही, तसेच हे आहे. वर्षानुवर्षे ज्या जंतूचे नाव वेष्टनावर 'लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनस' असे छापले गेले, तो शास्त्राच्या दृष्टीने लॅक्टोबॅसिलस कुळातला नाहीच. तो बॅसिलस कोॲग्युलन्स. जिथे नावातच गफलत, तिथे गुणांची खात्री ग्राहकाने कशी करावी?

प्रयोगांचा कौल

जुलाब सुरू झाल्यावर ही औषधे दिली तर आजार लवकर आटोपतो काय? २०१० साली कोक्रेन या नामांकित संस्थेने तोवरच्या चाचण्यांचा गोषवारा काढला, तेव्हा उत्तर उत्साहवर्धक होते: जुलाबाचा काळ सरासरी सुमारे एका दिवसाने घटतो. औषधांच्या प्रसाराला या निष्कर्षाचे मोठे पाठबळ मिळाले. पण २०१८ साली चित्र पालटले. अमेरिकेत ९७१ आणि कॅनडात ८८६ बालकांवर अत्यंत काटेकोर पद्धतीने दोन स्वतंत्र चाचण्या झाल्या. निम्म्या मुलांना प्रोबायोटिक, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी निष्क्रिय पूड. कोणाला काय दिले हे ना डॉक्टरांना ठाऊक, ना आईबापांना. दोन्ही गटांतील मुले सारख्याच गतीने बरी झाली. २०२० मध्ये कोक्रेनने ८२ चाचण्यांतील १२,१२७ रुग्णांची माहिती पुन्हा तपासली. त्यांतील निर्दोष चाचण्या तेवढ्या वेगळ्या काढल्या तेव्हा दिसले, की दोन दिवसांहून अधिक काळ टिकणाऱ्या जुलाबांवर या औषधांचा बहुधा फारसा परिणाम होत नाही.

तज्ज्ञांत अद्याप एकमत नाही, हेही नमूद केले पाहिजे. अमेरिकेतील पचनविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली आपल्याकडील मुलांच्या तीव्र जुलाबांत ही औषधे देऊ नयेत असे सुचविले. युरोपातील संस्थेने २०२३ मध्ये काही ठरावीक वाण देण्यास हरकत घेतली नाही, पण तसे सांगताना पुरावा कच्चा असल्याचेही सांगितले. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने तर २००७ सालच्या मार्गदर्शनातच आपल्या परिस्थितीत शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असे म्हटले होते. म्हणजे जी गोष्ट शास्त्राच्या दरबारात अजून वादग्रस्त आहे, ती आपल्या गल्लीबोळांत सर्रास रूढ होऊन बसली आहे.

प्रतिबंधाचे काय? याचा सर्वांत मोठा भारतीय दाखला कलकत्त्याचा आहे. तेथील झोपडवस्तीत एक ते पाच वर्षे वयाच्या ३,७५८ मुलांना बारा आठवडे रोज प्रोबायोटिक पेय किंवा तसेच साधे पौष्टिक पेय देण्यात आले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार जुलाबाचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झाले. हा फायदा खोटा नाही. पण तीन महिने दररोज बाटली विकत घेऊन शंभरातले चौदा आजार टळणार असतील, तर त्याच पैशात घरात आणखी काय येऊ शकते, याचा विचार ज्याचा त्याने करावा. ते पेय बनविणाऱ्या कंपनीचा या प्रयोगाला आर्थिक हातभार होता, हेही ध्यानात ठेवावे.

जिथे कुपीचे खरे काम आहे

एवढ्यावरून प्रोबायोटिक म्हणजे निव्वळ थोतांड, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. दोन-तीन ठिकाणी त्यांचे काम चोख आहे. घसा, कान वा छातीच्या विकारासाठी मुलाला प्रतिजैविक औषधे दिली, की ती रोगजंतूंसोबत आतड्यातील सज्जनांचीही कत्तल करतात आणि जुलाब लागतात. २०१९ सालच्या आढाव्यात ३३ चाचण्यांतील ६,३५२ मुलांपैकी, प्रतिजैविकासोबत प्रोबायोटिक घेणाऱ्या मुलांत असे जुलाब ८ टक्क्यांना झाले, न घेणाऱ्यांत १९ टक्क्यांना. नऊ मुलांना औषध दिले तर एकाचे जुलाब टळतात, असा हा हिशेब आहे. मात्र वाण योग्य हवा, मात्रा दिवसाला किमान ५०० कोटी जीवाणूंची हवी आणि सुरुवात प्रतिजैविकाबरोबरच व्हायला हवी. अर्थात, गरज नसता प्रतिजैविक न देणे हा त्याहून सोपा उपाय आहेच. मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात. त्यांवर प्रतिजैविकांचा काडीचा उपयोग नसतो. आधी अनावश्यक प्रतिजैविक द्यायचे आणि मग त्याचे दुष्परिणाम आवरायला दुसरे औषध द्यायचे, हा व्यवहार घराला दुहेरी भुर्दंड देणारा आहे.

दुसरे आश्वासक उदाहरण ओडिशाचे. डॉ. पिनाकी पाणिग्रही व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील खेड्यांतील ४,५५६ नवजात बालकांवर केलेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लँटारम या जीवाणूचा एक निवडक वाण आणि त्याचे खाद्य असलेली शर्करा दिल्याने, पहिल्या दोन महिन्यांत जंतुदोष वा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. ही बालके पुरेशा वजनाची व अंगावर पिणारी होती. त्या एका वाणाच्या यशाचे श्रेय बाजारातील इतर कुप्यांना मिळू शकत नाही. उलट, अकाली जन्मलेल्या नाजूक बाळांच्या बाबतीत रुग्णालयात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली या जीवाणूंचा विचार होत असला, तरी अमेरिकेत अशाच एका बाळाच्या मृत्यूनंतर २०२३ साली तेथील औषध प्रशासनाने इशारा दिला. जिवंत जंतू हे दुर्बल शरीरात स्वतःच रोग होऊ शकतात. म्हणून अशा बाळांना, तसेच प्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलांना ही औषधे परस्पर देणे धोक्याचे आहे.

विसरलेली पुडी

जुलाबात मूल दगावते ते बहुतांशी शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. त्यावरचा उपाय याच देशात कसाला लागला. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ उसळली, शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज यांचे पाणी पिंपांत कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. छावण्यांत ३० टक्क्यांच्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आले. महालनबीस २०२२ साली निवर्तले. पुढच्याच वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. ही जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, पुडी सरकारी दवाखान्यात फुकट आणि दुकानात स्वस्तात मिळते. तिच्या जोडीला जस्ताची गोळी: सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला १० मिलिग्रॅम, चौदा दिवस. ती आजही आवरते आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांतील जुलाबांचा धोकाही कमी करते.

आणि तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातील जुलाब झालेल्या बालकांपैकी ओआरएस मिळाले ६०.६ टक्क्यांना आणि जस्त अवघ्या ३०.५ टक्क्यांना. सिद्ध झालेला स्वस्त उपाय दहांतील चौघांपर्यंत पोचत नाही आणि संशयित महाग उपाय मात्र चिठ्ठीत हजर असतो, हे चित्र विसंगत आहे. त्यात भर म्हणून ओआरएसचे नाव धारण केलेली साखरेची पेयेही वर्षानुवर्षे दुकानांत विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांच्या दीर्घ लढ्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्या नावाच्या वापराला मनाई केली. जास्त साखरेचे पाणी जुलाब वाढवते. ते ओआरएस म्हणून पाजणाऱ्या मातेचा त्यात काय दोष?

हाफकिनची लसीची वाट आज कुठवर आली आहे, तेही येथे पाहण्यासारखे आहे. बालकांच्या तीव्र जुलाबांचे एक प्रमुख कारण असलेल्या रोटाव्हायरसवरील देशी लस दिल्लीत १९८५ साली नवजात बालकांत सापडलेल्या विषाणूपासून तयार झाली. ती पहिल्या वर्षात या विषाणूचे तीव्र आजार ५६ टक्क्यांनी घटवते, असे २०१४ च्या निष्कर्षांत दिसले. रोटाव्हायरसविरोधी लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय लसीकरणात आली आणि २०१९ पर्यंत देशभर पोचली. सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या वयाला तोंडाने दिले जाणारे हे थेंब पालिकेच्या आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. गुरूच्या दह्याला जे साधले नाही, ते शिष्याच्या वाटेने बऱ्याच अंशी साधले आहे.

मग दह्याला घरातून हद्दपार करायचे काय? मुळीच नाही. घरचे दही-ताक हे उत्तम अन्न आहे. सहा महिन्यांनंतर वरच्या अन्नाबरोबर ते बाळालाही मऊ भातात कालवून देता येते. जुलाबात मुलाला उपाशी ठेवण्याची चाल घातक आहे. अंगावरचे दूध, पेज, वरणाचे पाणी, ताक-भात चालूच ठेवावे. फक्त विरजणातील जंतूंचा वाण आणि संख्या घरागणिक बदलते, म्हणून त्याला औषध म्हणू नये, इतकेच. 'दात येताहेत म्हणून जुलाब' असे म्हणून दिवस ढकलणेही सोडले पाहिजे. मूल मलूल पडले, रडताना डोळ्यांत पाणी येईना, लघवी कमी झाली, उलट्या थांबेनात किंवा शौचात रक्त दिसले, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. ओआरएसची पुडी हाताशी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून तोवर चमच्या-चमच्याने पाजत राहावे.

बाळगोळी ते कुपी

डिलाईल रोडने मुलांना शांत करणारी औषधे याआधीही पाहिली आहेत. १९२२ साली मुंबईच्या 'लेबर गॅझेट'मध्ये डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांचा अहवाल प्रसिद्ध झाला. गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्क्यांना अफू दिली जाते, असे त्यात नमूद होते. बाळगोळी देऊन मूल निजवायचे आणि पाळीवर जायचे. त्याच सुमारास, १९२१ साली, शहरातील नोंदीप्रमाणे जन्मलेल्या दर हजार मुलांमागे सहाशेंहून अधिक मृत्यू होत होते. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात व घाटावर जात असल्यामुळे जन्मांची नोंद अपुरी होती, हे धरूनही तो आकडा भयंकर होता. यावर इलाज म्हणून सरकारच्या विकास खात्याने डिलाईल रोड, वरळी, नायगाव व शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या. त्यांतील ३२ डिलाईल रोडवरच्या: तळमजला व वर तीन मजले, सुमारे १६० चौरस फुटांची एकेक खोली आणि प्रत्येक मजल्याला सामाईक संडास. ज्यांचे नाव आज या रस्त्याला आहे त्या ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापून कामगारवस्तीतील शिक्षणाचे व आरोग्याचे काम हाती घेतले, ते हेच दैन्य पाहून.

आज त्या चाळींच्या जागी पुनर्विकासाचे मनोरे येत आहेत. प्रत्येक घरात स्वतंत्र संडास आणि नळ येणार आहे. मुलांच्या पोटाच्या दृष्टीने हा बदल कोणत्याही कुपीहून मोलाचा आहे. परंतु नळातून येणारे पाणी शुद्ध असले, तरच. मुंबईला पाणी दिवसातून काही तासच मिळते. उरलेल्या वेळी जलवाहिनीतील दाब उतरतो आणि तडा गेलेल्या नळातून भोवतालचे सांडपाणी आत शिरू शकते. नव्या इमारतीची टाकी कितीही चकचकीत असो, ती धुतली जाते की नाही आणि रस्त्याखालची जुनी वाहिनी केव्हा बदलली जाणार, हे रहिवाशांनी विचारलेच पाहिजे.

प्राधिकरणाच्या नियमांनुसार प्रोबायोटिक अन्नपदार्थाच्या रोजच्या मात्रेत किमान दहा कोटी जिवंत जीवाणू असणे आवश्यक आहे. तेव्हा घेणाऱ्याने वेष्टनावर वाणाचे पूर्ण नाव, जीवाणूंची संख्या, मुदत आणि साठवणीचे तापमान पाहावे. आणि मुळात हे कशासाठी, असे डॉक्टरांना संकोच न करता विचारावे. चिठ्ठीवर आधी ओआरएस, मग जस्त, आणि गरज असेल तरच पुढचे, असा क्रम वैद्यक व्यवसायाने स्वतःहून पाळला तर हा प्रश्न विचारण्याची पाळीच येणार नाही. शंभर वर्षांपूर्वी रडणाऱ्या मुलाला अफूने गप्प केले जाई. आजच्या निरुपद्रवी कुपीची त्या विषाशी तुलना करणे योग्य नाही. पण मूल का रडते, त्याचे पोट पुन्हा पुन्हा का बिघडते, या प्रश्नांची उत्तरे तेव्हाही दुकानात मिळत नव्हती आणि आजही मिळत नाहीत. ती नळाच्या पाण्यात, संडासाच्या स्वच्छतेत, आईच्या दुधात आणि वेळेवर दिलेल्या लसीत आहेत.